त्रिअक्षरी कोणी लिहिली? चीनच्या बालपोथीच्या कर्त्याचा शोध

चीनमध्ये लहान मुलांसाठी छापलेल्या एका जुन्या पोथीच्या अनेक प्रतींवर लेखक म्हणून वांग यिंगलिन हे नाव असतं. हा पंडित १२९६ साली वारला. पण त्यांतल्या काही प्रतींमध्ये इतिहासाचं प्रकरण उघडलं की चार ओळी भेटतात : क्रांती झाली, राजेशाही गेली, संविधान आलं, प्रजासत्ताक झालं. ही घटना १९११-१२ची. म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर सहाशे वर्षांनी घडलेली गोष्ट त्याच्याच नावावरच्या पुस्तकात आहे.

दुसऱ्या एखाद्या प्रतीवर 'वांग यिंगलिन यांची मानली जाते' असं सावध वाक्य असतं. तिसरीकडे ओउ शित्झ असं वेगळंच नाव दिसतं. शिवाय पोथीची पहिली ओळ कन्फ्युशियसच्या नावाने इंटरनेटवर फिरत असते ती वेगळीच. कोट्यवधी मुलांनी शतकानुशतकं पाठ केलेल्या पुस्तकाचा कर्ता नक्की सांगता येत नाही, हे वाचकाला कोड्यात टाकणारं आहे. हे कोडं बऱ्याच अंशी सोडवता येतं, फक्त प्रश्न थोडा वेगळा विचारावा लागतो.

आधी पोथीची ओळख

पोथीचं नाव 'सान त्झ जिंग'. 'सान' म्हणजे तीन, 'त्झ' म्हणजे अक्षर आणि 'जिंग' म्हणजे प्रमाण मानलेला ग्रंथ. 'जिंग'चा मूळ अर्थ कापडाचा उभा धागा, ताणा. आपल्या 'सूत्र' शब्दाचा अर्थही धागाच, आणि बौद्ध सूत्रं चिनी भाषेत गेली तेव्हा सूत्राला 'जिंग' हाच शब्द वापरला गेला. या लेखात आपण पोथीला 'त्रिअक्षरी' म्हणू.

प्रत्येक ओळ तीन अक्षरांची. चिनी अक्षर म्हणजे एक उच्चार आणि बहुतेक वेळा एक पूर्ण शब्द, त्यामुळे तीन अक्षरांत छोटं वाक्य बसतं. सुरुवात अशी आहे : 'रन जी छू, शिंग बन शान, शिंग श्यांग जिन, शी श्यांग युआन.' माणूस जन्मतो तेव्हा त्याचा स्वभाव मुळात चांगला असतो. स्वभावाने सगळे जवळजवळ सारखे, सवयींनी दूर जातात. यातला स्वभाव चांगला असल्याचा विचार मेन्सियस या कन्फ्युशियसच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञाचा आहे. सारखे-दूर ही जोडी मात्र कन्फ्युशियसच्या संवादांतून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली आहे. म्हणून ओळ कन्फ्युशियसच्या नावावर खपते. तिचा अर्धाच भाग त्याचा आहे.

पुढे मेन्सियसच्या आईची गोष्ट येते. मुलावर चांगले संस्कार व्हावेत म्हणून तिने शेजार निवडून घर घेतलं, आणि तो शिकेना तेव्हा मागावरचं विणकाम कापून टाकलं. चार वर्षांचा कोंग रोंग मोठी नासपती भावांना देतो, नऊ वर्षांचा हुआंग श्यांग वडिलांचं अंथरूण आपल्या अंगाने उबदार करतो. मग आकडे : एकाचे दहा, दहाचे शंभर. आकड्यांच्या खुंटीवर जगाची यादी टांगलेली आहे. तीन तेज म्हणजे सूर्य, चंद्र, तारे, चार ऋतू, पाच तत्त्वं, सहा धान्यं, घोडा, बैल, मेंढी, कोंबडी, कुत्रा, डुक्कर हे सहा पाळीव प्राणी. त्यानंतर कोणते ग्रंथ कोणत्या क्रमाने वाचायचे ते, मग राजवटींचा इतिहास, आणि शेवटी अभ्यासासाठी कष्ट उपसलेल्यांची उदाहरणं. एकूण आकार हजार-अकराशे अक्षरांच्या आसपास, आवृत्तीनुसार कमी-जास्त.

शिकवण्याची रीत आपल्या पंतोजींच्या शाळेत सहज ओळखू आली असती. गुरुजी थोड्या ओळी म्हणायचे, मुलं मागून म्हणायची. ओळी तयार झाल्या की मूल गुरुजींकडे पाठ करून उभं राहायचं, पुस्तक मागे ठेवायचं आणि घडाघडा म्हणून दाखवायचं. चिनी भाषेत पाठांतराला आजही 'पुस्तकाकडे पाठ करणं' अशा अर्थाचाच शब्द आहे. अर्थ नंतर कळायचा. आपल्याकडे अमरकोश असाच आधी तोंडात आणि मग डोक्यात जात असे. सोळाव्या शतकातल्या ल्यू कुन या अधिकारी-विद्वानाने आठ वर्षांखालच्या मुलांसाठी क्रम सांगून ठेवला आहे : आधी त्रिअक्षरी, मग आडनावांची पोथी, मग हजार अक्षरांची पोथी. तिन्ही झाल्या की मुलाच्या ओळखीची सुमारे दोन हजार अक्षरं होत.

कर्ता ठरवतात कसा?

दोन प्रकारचे पुरावे असतात. पुस्तकाबाहेर, म्हणजे चरित्रं, ग्रंथयाद्या, टीका यांत काय म्हटलंय तो बहिर्गत पुरावा. पुस्तकाच्या ओळींमधून जे कळतं तो अंतर्गत पुरावा.

मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीमुळे एक चैन लागलेली असते. 'शके बाराशतें बारोत्तरें' म्हणजे इ.स. १२९०, ठिकाण, कर्ता आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, सगळं ग्रंथाच्या शेवटी दिलेलं आहे. अभंगांत 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशी नाममुद्रा असते. त्रिअक्षरीत यातलं काही नाही. शेवटाकडच्या ओळी फक्त एवढंच म्हणतात की लोक मुलांसाठी टोपलीभर सोनं ठेवतात, मी मुलांना फक्त हा एक ग्रंथ शिकवतो. हा 'मी' कोण, ते सांगितलेलं नाही. (ज्ञानेश्वरांची समाधी आणि वांग यिंगलिनचा मृत्यू, दोन्ही १२९६ सालचे. हा योगायोगच, पण काळ डोळ्यांसमोर उभा राहायला मदत होते.)

बाहेरचा पुरावा : नाव फार उशिरा येतं

वांग यिंगलिन आजच्या निंगबोचा. जन्म १२२३, राजदरबारी परीक्षा उत्तीर्ण १२४१ साली, पुढे प्रचंड ज्ञानकोशांचा संकलक. सोंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात त्याचं चरित्र आणि ग्रंथांची लांबलचक यादी आहे. यादीत मुलांच्या शिक्षणाची पुस्तकंही आहेत. त्रिअक्षरी मात्र नाही.

मिंग राजवटीच्या अखेरीस जाओ नानशिंग (१५५०-१६२७) याने त्रिअक्षरीवर टीका लिहिली. हा मोठा मंत्री, बहुश्रुत माणूस, आणि तो प्रस्तावनेत सरळ म्हणतो की ही पोथी कोणाची ते ठाऊक नाही. पुढे १६६६ साली वांग श्यांग नावाच्या टीकाकाराने लिहिलं की सोंग काळातल्या वांग यिंगलिनने घरच्या पाठशाळेसाठी ती रचली. ही टीका भरपूर छापली गेली आणि तिच्याबरोबर नावही घरोघर पोचलं. वांग वारल्यानंतर तोवर ३७० वर्षं झाली होती.

ओळींच्या पोटातली सालं

समजा, तारीख नसलेलं एक जुनं पत्र तुम्हाला सापडलं. पत्त्यात पिनकोड असेल तर ते १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. पत्त्यात 'मुंबई राज्य' असेल तर ते बहुधा १९६० पूर्वीचं. बहुधा म्हणायचं, कारण जुन्या सवयीने कुणी १९६२ सालीही तसं लिहिलेलं असू शकतं. पहिला पुरावा पक्का, दुसरा कच्चा. त्रिअक्षरीत दोन्ही तऱ्हेचे आहेत.

पहिला पिनकोड म्हणजे 'चार ग्रंथ'. पोथी सांगते की प्राथमिक शिक्षण संपल्यावर मुलाने 'चार ग्रंथ' हाती घ्यावेत. कन्फ्युशियसचे संवाद, मेन्सियस आणि आणखी दोन छोटे ग्रंथ प्राचीनच आहेत, पण या चौघांचा एकत्र संच करून तो अभ्यासक्रमाचा पाया म्हणून छापला तो जू शी या तत्त्वज्ञाने, ११९० साली, फुजियेन प्रांतातल्या जांगजोऊ इथे. म्हणजे पोथी त्याआधीची नाही.

दुसरा पिनकोड याहून बोलका आहे. सोंग राजवटीबद्दल ओळ येते : अठरा पिढ्या झाल्या, मग उत्तर-दक्षिण एक झालं. सोंगांचे उत्तरेत नऊ आणि दक्षिणेत नऊ, असे अठरा सम्राट होतात, पण ते केव्हा? शेवटचा बालसम्राट १२७९ साली मंगोलांशी झालेल्या सागरी लढाईत बुडून मेला, त्यालाही धरलं तर. म्हणून ही ओळ १२७९ नंतरच लिहिली गेलेली असणार. ज्याचं राज्य बुडालं अशाच कुणाची ती आहे, आणि तिच्यात एकही विलापाचा शब्द नाही. मला हा या पोथीतला सर्वांत हलवून टाकणारा कोपरा वाटतो.

त्यानंतर लगेच : 'सतरा इतिहास, सगळे यात आले.' राजवटींच्या अधिकृत इतिहासांची सतरा ही मोजणी सोंग काळातली. मंगोलांच्या काळात, १३४३ ते १३४५ दरम्यान, आणखी तीन इतिहास तयार झाले, ल्याओ, जिन आणि सोंग राजवटींचे. मिंग काळात मोजणी एकवीसवर गेली. ही ओळ 'मुंबई राज्य'सारखी आहे. सतरा म्हणणारा १३४५ पूर्वीचा असण्याची शक्यता मोठी, खात्री नाही.

या हिशेबाने आपल्या हातात पोथीचा जो सर्वांत जुना थर येतो, तो १२७९ नंतरच्या काही दशकांतला. वांग यिंगलिन तेव्हा सतरा वर्षं जिवंत होता, नोकरी सोडून घरी लेखन करत होता. म्हणजे काळ त्याला अनुकूल आहे. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे. त्याचा एक ग्रंथ मुलांसाठीच आहे आणि त्यात सारी माहिती आकड्यांखाली लावलेली आहे : तीनचे गट, चारचे गट, पाचचे गट. त्रिअक्षरीचं मधलं प्रकरण अगदी याच पद्धतीचं.

'एवढा पंडित बालपोथी का लिहील?'

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टिकत नाही. बालशिक्षणावरची त्याची पुस्तकं चरित्रात नोंदलेली आहेत. इतकंच नव्हे, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका अक्षरपोथीवर त्याने टिपणंही लिहिली होती. तिच्यात आडनावांचा भाग तीन-तीन अक्षरांच्या ओळींत आहे. तीन अक्षरांची चाल त्याला चांगलीच परिचयाची होती.

अडचण वेगळीच आहे.

ब्याऐंशी वर्षांचा परीक्षार्थी

कष्टाळू विद्यार्थ्यांच्या यादीत ल्यांग हाओ येतो : वय ब्याऐंशी, राजदरबारच्या परीक्षेत पहिला. मुलांना ही गोष्ट आवडते, ती चुकीची आहे. ल्यांग हाओ ९८५ साली पहिला आला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि १००४ साली बेचाळिसाव्या वर्षी वारला.

ही चूक आज कुणी शोधून काढलेली नाही. होंग माय (११२३-१२०२) या लेखकाने ही दंतकथा सरकारी नोंदी ताडून खोडून काढली होती, म्हणजे वांगच्या जन्माआधीच. वांग यिंगलिनची सारी कीर्ती संदर्भ तपासण्यावर उभी आहे. दुसऱ्यांच्या ग्रंथांतल्या अशा चुका वेचणं हा त्याचा उद्योग होता. त्याने ही कथा डोळे मिटून घेतली असेल, हे पटायला जड जातं.

यावर उत्तर देणारे म्हणतात की बालपोथीत बोधकथा चालते, किंवा त्या ओळी नंतर कुणी घातल्या असतील. दुसरं उत्तर जास्त वजनाचं, कारण या पोथीत भर घालणं फार सोपं होतं.

भर इतकी सहज कशी पडते?

तीन अक्षरांच्या चार ओळी, म्हणजे बारा अक्षरं, असा सुटा तुकडा असतो. यमक सहाव्या आणि बाराव्या अक्षरावर. पुढच्या तुकड्याशी यमकाचं बंधन नाही. रेल्वेच्या डब्यासारखं आहे हे : दोन डब्यांमधली कडी काढली, नवा डबा जोडला, गाडी पुढे. नवी राजवट आली की गावोगावचे छापणारे इतिहासाच्या प्रकरणात एखादा डबा जोडत. लाकडी ठोकळ्यावर पान कोरून छापायचं, त्यामुळे एक पान नव्याने कोरलं की काम झालं. पोथीवर कुणाची मालकी नव्हती, अडवणारं कोणी नव्हतं.

मूळ ग्रंथात मागाहून शिरलेल्या अशा मजकुराला आपण 'प्रक्षिप्त' म्हणतो. ज्ञानेश्वरीत पाठ बिघडले तेव्हा एकनाथांनी १५८४ साली प्रती जमवून शुद्ध पाठ तयार केला. त्रिअक्षरीला असा एकनाथ योग्य वेळी मिळाला नाही. १९२८ साली जांग ताइयेन या मोठ्या विद्वानाने ती हातात घेतली, पण त्याने गाळणी लावण्याऐवजी स्वतःची भर घालून ती आणखी मोठी केली.

दुसऱ्या टोकाला हजार अक्षरांची पोथी आहे. सहाव्या शतकात ल्यांग राजवटीच्या सम्राट वू याच्या आज्ञेवरून जोऊ शिंगसी (मृत्यू ५२१) याने ती रचली. एकदा आलेलं अक्षर पुन्हा घ्यायचं नाही, या अटीवर एक हजार अक्षरं, चार-चारच्या अडीचशे ओळी. तिथे एक ओळ घुसवली की आकडा चुकतो आणि चोरी लगेच पकडली जाते. म्हणून तिचा कर्ता टिकून राहिला. रचनेच्या कुलपाने तिचं रक्षण केलं. त्रिअक्षरीला कुलूप नव्हतं.

दक्षिणेचा दावा

ग्वांगडोंग प्रांतात वेगळं नाव सांगतात : ओउ शित्झ, आजच्या शुनदे भागातला, सोंग-अखेरीचा विद्वान. सतराव्या शतकात छू दाजुन या ग्वांगडोंगच्या लेखकाने हे स्पष्ट लिहिलं. त्याला पूरक असंही सांगतात की ओउने आरंभ केला आणि मिंग काळाच्या सुरुवातीच्या ली जन याने पूर्ण केलं. काळ जुळतो, पण हा दावा जवळपास सगळा स्थानिक आठवणीवर उभा आहे. शेजारी ठेवून पाहायला त्याच्या शैलीचं दुसरं बालसाहित्य नाही. गावाचा अभिमान हा पुरावा नव्हे. आपल्याकडेही एकाच संताची जन्मगावं दोन-दोन असतात.

वांगच्याही आधीची त्रिअक्षरी

इथे प्रश्नाचं तोंडच बदलतं. ११९९ साली जांगजोऊच्या चेन चुनने (११५९-१२२३) आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी एक पाठ रचला. तो प्रस्तावनेत लिहितो की मूल आत्ता कुठे बोलायला लागलंय, शिकवायला योग्य पुस्तक नाही, म्हणून प्राचीन ग्रंथांतली सोपी वाक्यं निवडून चार-चार अक्षरांचे अठ्ठ्याहत्तर श्लोक जुळवले, एकूण १,२४८ अक्षरं. पण एवढ्या लहान मुलाला लांब वाक्य झेपत नाही, म्हणून त्याआधी म्हणायला तीन-तीन अक्षरांचे एकोणीस श्लोक केले, २२८ अक्षरं.

ही नोंद मला फार मोलाची वाटते. तीन अक्षरंच का, याचं उत्तर तिच्यात एका बापाने देऊन ठेवलंय : मुलाच्या श्वासात तेवढीच मावतात.

'स्वभावाने जवळ' ही ओळ या २२८ अक्षरांत आहे. राजा आणि सेवक, बाप आणि मुलगा यांच्या नात्याच्या दोन ओळी अक्षरशः त्रिअक्षरीतल्याच. १९८५ साली जेम्स लिऊ या इतिहासकाराने हा दुवा ठळकपणे पुढे आणला. चेन चुन हा जू शीचा शिष्य. ११९० साली जू शीने 'चार ग्रंथ' ज्या जांगजोऊत छापले, तिथेच दोघांची भेट झाली होती.

अजून एक साक्षीदार आहे. श्यांग आनशी हा विद्वान १२०८ साली वारला. मुलांना यमकबद्ध पाठ देण्याच्या रीतीबद्दल लिहिताना तो प्रचलित पोथ्यांची नावं घेतो आणि त्यात 'त्रिअक्षरी शिकवण' असं एक नाव आहे. वांग यिंगलिन त्यानंतर पंधरा वर्षांनी जन्मला.

'मग चेन चुनलाच कर्ता का म्हणू नये?'

कारण त्याच्या पाठात फक्त नीतीच आहे. आकड्यांची यादी नाही, ग्रंथांचा क्रम नाही, राजवटी नाहीत, मेन्सियसची आई नाही. शिवाय समान ओळींचं मूळ कन्फ्युशियस आणि मेन्सियसमध्ये आहे. दोन माणसं एकाच विहिरीतून स्वतंत्रपणे पाणी काढू शकतात. अठरा सम्राटांची ओळ तर त्याच्या मृत्यूनंतर छप्पन्न वर्षांनी शक्य झाली.

जे दिसतं ते असं : तीन अक्षरांची चाल बाराव्या शतकाच्या अखेरीस पाठशाळांत रूढ होती, तेराव्या शतकाच्या शेवटी कुणीतरी नीती, आकडे, ग्रंथ आणि इतिहास एका पोथीत ओवले, नंतर प्रत्येक पिढीने शेवटी काही जोडलं. तो मधला ओवणारा वांग असू शकतो, ओउ असू शकतो, किंवा ज्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही असा एखादा गावशिक्षक. मला तिसरी शक्यता सर्वांत जवळची वाटते. ल्यांग हाओची चूक शिक्षकाच्या तोंडच्या गोष्टीसारखी आहे, कोशकाराच्या टिपणासारखी नाही.

नावाने काय फरक पडतो?

बराच पडतो. एका महापंडिताचं नाव लागलं की पोथी वरून खाली आलेली वाटते. पुरावे उलट दिशेला बोट दाखवतात. १३१३ साली मंगोल दरबाराने जू शीची टीका परीक्षेसाठी प्रमाण ठरवली, पण त्या विचारांच्या ओळी मुलांच्या तोंडी त्याआधीच होत्या. जू शीचं तत्त्वज्ञान खेड्यापर्यंत पोचलं ते जाड ग्रंथांमुळे कमी आणि अशा पाठांमुळे जास्त.

लोकांच्या तोंडात काय बसतं, हे पुढे सगळ्यांनीच ओळखलं. मिशनरी वॉल्टर मेडहर्स्टने १८२३ साली तीन अक्षरांच्या ओळींत ख्रिस्ती पोथी केली. राजवटीविरुद्ध उठलेल्या तायपिंग बंडखोरांनी १८५३ साली स्वतःची त्रिअक्षरी छापली. वैद्यकाची त्रिअक्षरीही झाली. १९७४ साली कन्फ्युशियसविरोधी मोहिमेत मूळ पोथीवर टीकेच्या पुस्तिका निघाल्या. एवढा राग काही अक्षरओळखीच्या पुस्तकावर कोणी काढत नाही.

हातातली प्रत कशी ओळखाल?

भाषांतर असो वा मूळ, थेट इतिहासाचं प्रकरण काढा आणि दोन गोष्टी पाहा : शेवटची राजवट कोणती, आणि 'इतिहास' किती म्हटलेत. सोंगवर थांबून सतरा म्हणत असेल तर पाठ जुन्या थराचा आहे. एकवीस असेल तर मिंग काळातला हात लागलाय. बावीस असेल तर १७३९ नंतरचा, कारण मिंग राजवटीचा इतिहास तेव्हा पूर्ण झाला. चोवीस ही मोजणी अठराव्या शतकात छ्येनलोंग सम्राटाच्या काळात पक्की झाली. प्रजासत्ताकाच्या ओळी असतील तर प्रत १९१२ नंतरची. एक इशारा : काही छापणाऱ्यांनी राजवटी वाढवल्या आणि आकडा सतराच ठेवला. अशा प्रतीत तळाचा जुना डबा आणि शेवटचा नवा डबा दोन्ही एकाच पानावर दिसतात.